पाइनखालची छिद्रांची अळंबी: सुइलस ओळखायचा क्रम

पावसाळ्यात उटी-गुडलूर रस्त्यावरच्या पाइनवनात शिरलात, किंवा हिमाचलात कैल या पाइनच्या झाडांखालून चालत असाल, तर वाळक्या सुयांचा थर सारून वर आलेली एखादी तपकिरी, ओली चकचकीत अळंबी दिसू शकते. ती उलटून पाहिली, तर आपल्याकडच्या बहुतेक पावसाळी अळंब्यांना असतात तशा पातळ, उभ्या पात्या खाली नसतात. तिथे स्पंजासारखा पिवळा थर असतो आणि त्याला असंख्य बारीक छिद्रं असतात. पाइनखाली जमिनीतून उगवलेली अशी अळंबी सुइलस या वंशातली असण्याची शक्यता बरीच मोठी असते.

अळंब्यांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या कुणालाही मी सुइलसपासून सुरुवात करा असंच सांगेन. याच्या खुणा डोळ्यांना दिसतात आणि बोटांना कळतात, त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. शिवाय हा वंश झाडाशी इतका घट्ट बांधलेला आहे, की झाड ओळखलं की निम्मं काम झालं. अडचण एकच: यातल्या कितीतरी खुणा फार थोडा वेळ टिकतात. छिद्रांवरचे दुधाळ थेंब सुकून जातात, टोपीचा बुळबुळीतपणा उन्हात नाहीसा होतो, दांड्यावरचं कडं गळून पडतं. घरी नेऊन सावकाश पाहू म्हटलं तर हातात एक तपकिरी लगदा उरतो. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. जे जंगलात मागे राहणार आहे किंवा आधी नाहीसं होणार आहे, ते आधी पाहायचं.

हा लेख ओळखण्यासाठी आहे. खाण्याचा विषय वेगळा आहे आणि तो शेवटाकडे, वेगळा घेतला आहे.

थोडी पार्श्वभूमी

सुइलस हा वंश आणि ल्यूटियस, ग्रॅन्युलेटस, बोव्हिनस वगैरे त्यातल्या जाती. सुइलस हे नाव इटलीच्या पिएर आंतोनियो मिकेली यांनी १७२९ मध्येच वापरलं होतं. आज आपण ते ज्या वंशासाठी वापरतो, त्याची मांडणी ब्रिटनच्या सॅम्युएल फ्रेडरिक ग्रे यांनी १८२१ मध्ये केली. जगभरात याच्या शंभराच्या आसपास जाती असतील. मूळच्या त्या जवळपास सगळ्या उत्तर गोलार्धातल्या.

जमिनीवर दिसते ती अळंबी म्हणजे या बुरशीचं फळ. खरी बुरशी जमिनीखाली धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात पसरलेली असते आणि पाइनच्या मुळांशी जोडलेली असते. या जोडणीला मायकोरायझा म्हणतात. हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना कृषी सेवा केंद्रातल्या पाकिटांमुळे चांगलाच माहीत आहे. त्या पाकिटातली बुरशी वेगळ्या गटातली. ती मुळांच्या पेशींच्या आत शिरते आणि तिला अळंबी येत नाही. सुइलस मुळाच्या टोकाला बाहेरून आवरण घालतो, पेशींच्या मधल्या फटींत जाळं विणतो, पण पेशीच्या आत जात नाही. झाड त्याला साखर देतं आणि तो झाडाला नत्र, स्फुरद आणि पाणी मिळवून देतो.

पाइनचं जगणंच या देवाणघेवाणीवर अवलंबून असतं. पोर्टो रिको बेटावर पाइन लावायचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत राहिले, कारण तिथल्या मातीत पाइनला साथ देणारी बुरशीच नव्हती. १९५० च्या दशकात बाहेरून पाइनवनातली माती आणून रोपांच्या मुळांशी घातली, तेव्हा झाडं धरली. उलट्या बाजूचं उदाहरण चिलीतलं. कोयाइके भागात बाहेरून आणलेला पाइन लागवडीबाहेर पसरत चालला होता. असं पसरायला पाइनला एकटा सुइलस ल्यूटियस पुरेसा होतो, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

दक्षिण भारतात पाइन मुळात नाही. निलगिरीतला पाइनस पॅट्युला मेक्सिकोतून आणलेला. म्हणजे त्याच्या मुळांशी दिसणारा सुइलसही तिथला मूळचा रहिवासी म्हणता येत नाही. हे लक्षात ठेवलं की पहिली पायरी इतकी महत्त्वाची का आहे ते कळेल.

पायरी १: अळंबीला हात लावण्याआधी झाड ओळखा

सुइलस जवळजवळ फक्त पाइनच्या कुळातल्या झाडांबरोबर राहतो: पाइन, लार्च आणि अमेरिकेतला डग्लस फर. वर बघा. सुईसारखी पानं दिसतात का? खाली पडलेली एक जुडी उचला आणि तिच्यात किती सुया एकत्र बांधलेल्या आहेत ते मोजा. मोजणी फार सोपी आहे आणि तिच्यातून भरपूर कळतं.

हिमालयाच्या खालच्या उतारांवरच्या चीड या पाइनला एका जुडीत तीन लांब सुया असतात. त्याच्या वरच्या उंचीवरच्या कैलला पाच, लोंबणाऱ्या, निळसर झाक असलेल्या. निलगिरीतल्या पॅट्युलाला बहुधा तीन. युरोपातल्या स्कॉट्स पाइनला दोन. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हाइट पाइनला पाच. कॅलिफोर्नियाचा आणि आता ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मैलोन्‌मैल लावलेला रेडिएटा पाइन, त्याला तीन. लार्चच्या सुया झुबक्याने येतात आणि थंडीत झडून जातात.

सुइलसच्या जाती या फरकाबद्दल कमालीच्या काटेकोर आहेत. सुइलस ग्रेव्हिली लार्चखालीच शोधायचा. सुइलस सिबिरिकस पाच सुयांच्या पाइनखाली, म्हणून आपल्याकडे तो कैलबरोबर सापडतो. चीडखालच्या एका जातीला २०१४ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं तेव्हा त्या तीन सुयांवरूनच ते ट्रायअ‍ॅसिक्युलॅरिस असं ठेवलं गेलं.

मिश्र जंगल असेल तर जरा लांबवर बघा. मुळं झाडाच्या सावलीबाहेरही जातात, त्यामुळे पाइनपासून काही मीटरवरच्या हिरवळीतही सुइलस येऊ शकतो. परदेशात राहणाऱ्यांना तो बागेत किंवा पार्किंगच्या कडेच्या गवतात दिसतो तो असाच. पण आसपास पाइन, लार्च किंवा डग्लस फर काहीच नसेल, तर सुइलसचा विचार सोडून द्या. सह्याद्रीत पाइनची नैसर्गिक वनं नाहीत. तिथे छिद्रांची जाडजूड अळंबी दिसली तर ती दुसऱ्या कुठल्या वंशातली, उदाहरणार्थ फ्लेबोपस, असू शकते. तिला सुइलस ठरवायला जाऊ नका.

पायरी २: जागेवरच फोटो, आणि थेंबांचा शोध

अळंबी उपटण्याआधी ती जशी उभी आहे तसा बाजूने एक फोटो घ्या. मोबाइल जमिनीला टेकवा. वरून घेतलेल्या फोटोत नुसती टोपी दिसते आणि टोपी हा सुइलसचा सगळ्यांत कमी बोलका भाग आहे.

मग आसपास वेगवेगळ्या वयाची अळंबी आहे का ते पाहा. एक बटणाएवढी, एक नुकती उघडलेली, एक पूर्ण वाढलेली अशी तीन वयं मिळाली तर पुढचं सगळं सोपं जातं. कारण टोपीची कड आणि दांडा जोडणारा पडदा फक्त बटणात शाबूत असतो आणि छिद्रांचा पूर्ण आकार फक्त मोठ्या अळंबीत दिसतो.

कोवळ्या अळंबीच्या खाली डोकावा. हवा दमट असेल तर सुइलस ग्रॅन्युलेटसच्या कोवळ्या छिद्रांवर दुधासारखे पांढरट थेंब जमलेले दिसतात. ही या जातीची फार सुंदर खूण आहे. अनेक जण अळंबी पिशवीत टाकून पुढे जातात आणि ती कायमची गमावतात. थेंब सुकले की तिथे तपकिरी डाग राहतात. कॅलिफोर्नियात रेडिएटा पाइनखाली येणाऱ्या सुइलस पंजेन्सलाही असेच थेंब येतात.

पायरी ३: टोपीवरून बोट फिरवा

बहुतेक सुइलसच्या टोपीवर बुळबुळीत थर असतो. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर बोट सरळ घसरतं. कोरड्या दिवशी फसगत होते, कारण थर वाळून टोपी नुसती चकचकीत दिसते. तेव्हा दोन गोष्टी करा. टोपीला पाइनच्या सुया आणि माती चिकटून वाळली आहे का ते पाहा. तशी असेल तर थर होता हे नक्की. आणि बाटलीतलं थोडं पाणी टोपीवर टाकून मिनिटभराने बोट फिरवा, थर पुन्हा फुगतो.

आता टोपीच्या कडेला नख लावून साल वर ओढा. अनेक जातींत ती मोठ्या तुकड्यांत, जवळजवळ पूर्णच सोलून निघते. बोटं पिवळसर-तपकिरी होतील. त्वचा संवेदनशील असेल तर हे हातमोजे घालून करा. अमेरिकेतल्या सुइलस अमेरिकॅनससारख्या जाती हाताळल्याने काही लोकांच्या अंगावर पुरळ उठतं.

अपवादही आहेत. सुइलस व्हेरिगेटस आणि सुइलस टोमेंटोसस यांच्या टोपीवर बारीक लव किंवा खवले असतात, त्यामुळे ती बरीच कोरडी, मखमली लागते. सुइलस स्प्रॅग्यूईच्या टोपीवर तर लाल खवल्यांची दाट नक्षी असते, आणि ती पाहून पहिल्यांदा कुणालाच ती याच घरातली वाटत नाही. म्हणजे बुळबुळीत टोपी ही चांगली खूण आहे, पण एकटीवर निर्णय देऊ नका.

पायरी ४: दांडा पूर्ण काढा

चाकूने वरच्यावर कापू नका. सुया बाजूला सारून, बोटं किंवा चाकूचं टोक खाली घालून बुडासकट उचला. बुडाशी चिकटलेल्या धाग्यांचा रंग पाहायचा आहे. शिवाय बुडाशी पिशवीसारखं आवरण असेल तर ती अळंबी सुइलस नाही, आणि ती खूण चुकवणं धोक्याचं ठरू शकतं.

दांड्यावर दोन गोष्टी शोधायच्या: कडं आणि ठिपके.

काही जातींत कोवळेपणी टोपीच्या कडेपासून दांड्यापर्यंत एक पातळ पडदा असतो. टोपी उघडली की तो फाटतो आणि दांड्यावर कडं राहतं. सुइलस ल्यूटियसचं कडं ठसठशीत, पांढरट, खालच्या बाजूने जांभळट छटेचं. सुइलस ग्रेव्हिलीलाही कडं असतं, पांढरट-पिवळं. सिबिरिकसमध्ये पडद्याचे कापसासारखे तुकडे टोपीच्या कडेला लोंबत राहतात. ग्रॅन्युलेटस, बोव्हिनस आणि ब्रेव्हिपेस यांना कडं नसतं. जुन्या अळंबीत कडं दांड्याला चिकटून काळपट पट्टा होतं किंवा पार गळून जातं. म्हणून मोठ्या अळंबीवर कडं दिसलं नाही तर लगेच "कडं नाही" असं लिहू नका, शेजारचं बटण उभं कापून पडदा आहे का ते पाहा. कड्यावर बीजाणू (अळंबीची धुळीसारखी सूक्ष्म बीजं) सांडून तपकिरी थर बसलेला असेल तर तोही टिपून घ्या. पायरी ७ मधला ठसा न घेताच बीजाणूंच्या रंगाचा अंदाज मिळतो.

ठिपके म्हणजे दांड्यावरचे बारीक, जरासे चिकट दाणे. सूक्ष्मदर्शकाखाली ते विशिष्ट पेशींचे झुबके असल्याचं दिसतं. सुरुवातीला ते दांड्याच्याच रंगाचे असतात, मग तपकिरी आणि शेवटी काळपट होतात, त्यामुळे जून अळंबीत ते जास्त उठून दिसतात. ल्यूटियसमध्ये ते कड्याच्या वरच्या भागात पाहा, ग्रॅन्युलेटसमध्ये वरच्या अर्ध्या भागावर. पांढऱ्याशुभ्र सुइलस प्लॅसिडसवर हे तपकिरी ठिपके इतके ठळक दिसतात की दुरूनही ओळख पटावी. सगळ्याच जातींत मात्र ते नसतात. निलगिरीतून नोंदलेल्या ब्रेव्हिपेसचा दांडा आखूड असतो आणि त्यावर ठिपके नसतात किंवा जेमतेम दिसतात. बोव्हिनसलाही नसतात.

पायरी ५: छिद्रांकडे नीट पाहा, मग नळ्या सोलून काढा

छिद्रं म्हणजे उभ्या नळ्यांची तोंडं. बीजाणू या नळ्यांच्या आतल्या भिंतींवर तयार होतात आणि तोंडातून खाली पडतात. सुइलसची छिद्रं बहुधा पिवळी असतात, वय वाढलं की मळकट, तपकिरीकडे झुकतात. भिंग असेल तर घ्या, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करा.

आकार पाहा. ग्रॅन्युलेटसची छिद्रं बारीक असतात. बोव्हिनसची मोठी, कोनदार, वेडीवाकडी, आणि एका मोठ्या छिद्रात डोकावलं तर आत आणखी लहान छिद्रं दिसतात. काही जातींत, विशेषतः लार्चखालच्या कॅव्हिपेसमध्ये, छिद्रं दांड्यापासून कडेकडे आरे पसरावेत तशी ओळीत लांबट होत जातात. हे सगळे फरक सुइलसच्याच घरातले आहेत, म्हणून "छिद्रं गोल नाहीत, मग हा सुइलस नसेल" असा निष्कर्ष काढू नका.

आता नखाने नळ्यांचा थर टोपीपासून सोडवा. सुइलसमध्ये, आणि एकूणच बोलीट गटात (पात्यांऐवजी छिद्रं असलेल्या मांसल अळंब्यांचा गट, सुइलस त्यातलाच), हा थर मऊ असतो आणि टोपीच्या गरापासून वेगळा करता येतो. ही चाचणी नवख्याने जरूर करावी असं मला वाटतं, कारण खाली छिद्रं आहेत म्हणजे बोलीट, असं गृहीत धरण्याची चूक सर्रास होते. पाइनवनात जमिनीवर येणारी कोल्ट्रिशिया पेरेनिस घ्या. तिला दांडा आहे, टोपी आहे, छिद्रंही आहेत. पण ती पातळ आणि चिवट असते, आणि तिच्या नळ्या सुटत नाहीत. अल्बाट्रेलस वंशाच्या अळंब्याही जमिनीवरच येतात, मांसल असतात, तरी त्यांचा छिद्रांचा थर गराला घट्ट चिकटलेला असतो. या दोघी बोलीट नाहीत. बोट लावलं की हे दोन मिनिटांत कळतं, पुस्तकातल्या चित्रावरून तासभर कळत नाही.

पायरी ६: उभी कापा आणि थांबा

टोपी आणि दांडा मधोमध उभे कापा. कापल्याबरोबर एक फोटो आणि पाच-दहा मिनिटांनी दुसरा. गर पांढरट की पिवळा, दांडा भरीव की पोकळ, निळा रंग येतो का, येत असेल तर टोपीत की बुडाशी, हे पाहायचं. ल्यूटियस आणि ग्रॅन्युलेटस निळे पडत नाहीत. व्हेरिगेटस थोडा निळा पडतो, टोमेंटोसस बराच. कॅव्हिपेसचा दांडा खालच्या भागात पोकळ असतो.

निळी पडते ती विषारी, असा एक समज सगळीकडे फिरतो. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. निळ्या पडणाऱ्या कित्येक बोलीट निरुपद्रवी आहेत आणि जगातली सगळ्यांत घातक अळंबी, अमॅनिटा फॅलॉइड्स, अजिबात निळी पडत नाही. निळा रंग ही जात ओळखण्याची खूण आहे, विषाची चाचणी नव्हे. चांदीचं नाणं, लसूण, तांदूळ यांच्या चाचण्यांनाही काही अर्थ नाही.

पायरी ७: रात्रभर बीजाणूंचा ठसा

हे काम मुक्कामी पोचल्यावर. पूर्ण वाढलेल्या, पण न सडलेल्या अळंबीची टोपी दांड्यापासून कापा, छिद्रं खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका आणि वर वाटी पालथी घाला. सकाळपर्यंत कागदावर ठसा उमटतो. सुइलसचा ठसा तपकिरीच्या कुळातला असतो: दालचिनी रंगापासून ऑलिव्ह झाक असलेल्या तपकिरीपर्यंत. रंग उजेडात, कागद पूर्ण वाळल्यावर ठरवा. ठसा पांढरा किंवा गुलाबी आला तर हातात सुइलस नाही.

कुणाशी गल्लत होते

सगळ्यांत जवळचा तोतया म्हणजे चॅल्सिपोरस पायपेरॅटस. लहानखुरा, पाइनखालीच येतो, आणि एके काळी त्याला सुइलसमध्येच टाकलं गेलं होतं. त्याची छिद्रं तांबूस, गंजाच्या रंगाची असतात, दांड्याच्या बुडाशी आणि तिथल्या धाग्यांत भडक पिवळा रंग असतो, कडं आणि ठिपके नसतात.

बोलीटस वंशातल्या जातींची टोपी सहसा इतकी बुळबुळीत नसते, दांडा फुगीर असतो आणि बोलीटस एड्युलिसच्या दांड्यावर पांढरी उठावदार जाळी दिसते. छिद्रंच लाल असतील तर ती अळंबी रुब्रोबोलीटससारख्या गटातली, त्यात विषारी जाती आहेत.

पॅक्सिलसबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. पॅक्सिलस इनव्होल्युटस ही बोलीटांच्याच गणातली, पण पात्यांची अळंबी. पात्या दांड्याजवळ एकमेकींत गुंतून जाळीसारख्या होतात आणि त्यांचाही थर सोलून निघतो. टोपी तपकिरी, ओली असताना चिकट. घाईत पाहणाऱ्याला ती सुइलस वाटू शकते. पूर्व युरोपात ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. १९४४ मध्ये जर्मन कवकशास्त्रज्ञ युलियस शेफर यांचा ती खाल्ल्यानंतर मृत्यू झाला. पुढे कळलं की ती वारंवार खाणाऱ्या काहींच्या शरीरात स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिक्रिया सुरू होते. पायरी ५ मध्ये टोपीच्या कडेकडच्या भागात नीट पाहिलं, तर तिथे छिद्रं नसून पात्या आहेत हे लक्षात येतं.

शेजारी कोण उगवलं आहे तेही पाहा

बोव्हिनसच्या अगदी शेजारी गुलाबी टोपीची, खाली जाड पात्या असलेली गोम्फिडियस रोझियस सापडते. दोघांची जोडी इतकी पक्की आहे की गुलाबी टोपी दिसली तर बोव्हिनससाठी जवळपासच्या सुया उचलून पाहाव्यात. गोम्फिडियस सुइलसच्या जाळ्यावरच परजीवी म्हणून जगते असं मानलं जातं. जमिनीखालीही याचे नातेवाईक आहेत. रायझोपोगॉन ही बटाट्याच्या आकाराची, मातीत दडलेली बुरशी दिसायला पूर्ण वेगळी, पण १९८९ मध्ये डीएनएच्या तुलनेतून ती सुइलसची फार जवळची नातेवाईक ठरली. निलगिरीच्या पाइनखाली पांढऱ्या ठिपक्यांची लाल अमॅनिटा मस्कॅरियाही येते. ती विषारी आहे, पण तिथे ती दिसणं म्हणजे मुळांशी जोडल्या जाणाऱ्या बुरश्या या जागी नांदताहेत याची खूण.

खायचं का?

जगात बरेच लोक खातात. रशिया, युक्रेन, पोलंडमध्ये ल्यूटियस आवडीने गोळा करतात आणि लोणच्यासारखी मुरवतात. चिलीतून ती वाळवून निर्यात होते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या ओबेरॉन भागात पाइनवनात लोक तिच्यासाठी टोपल्या घेऊन जातात. तिथे सगळीकडे टोपीची बुळबुळीत साल सोलून टाकतात, कारण तिने पोट बिघडतं, आणि अळंबी नीट शिजवतात. तरी काहींना त्रास होतोच.

नवख्याने ओळखायला शिकण्याच्या काळात काहीही खाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. वंश ओळखणं आणि ताटात घेण्याइतकी खात्री होणं यांत मोठं अंतर आहे. मातीचाही प्रश्न आहे. अळंब्या जड धातू शोषून घेतात आणि सुइलस प्रदूषित मातीतही तग धरतो. बेल्जियममध्ये जस्ताच्या जुन्या कारखान्यांभोवती जस्त सहन करणारा ल्यूटियस वाढतो. परदेशात कुणी जाणकार सोबत असेल तर त्याच्या हाताखाली शिका. मोबाइलच्या अ‍ॅपने सुचवलेल्या नावावर खाण्याचा निर्णय कधीच घेऊ नका. कुणी रानातली अळंबी खाल्ली आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर उरलेली अळंबी किंवा तिची सालं घेऊन तातडीने रुग्णालयात जा. त्रास खाल्ल्यानंतर सहा तासांहून उशिरा सुरू झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण यकृतावर घाला घालणारी विषं अशीच उशिरा लक्षणं दाखवतात.

नमुना आणि नोंद

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही उपटू नका. निलगिरीतलं मुकुर्थी असो की हिमालयातलं कुठलंही उद्यान, तिथे फोटोवर भागवा. राखीव जंगलातही आधी विचारा. परदेशात प्रत्येक उद्यानाचे नियम वेगळे असतात, ते फाटकावरच्या फलकावर वाचायला मिळतात.

जिथे परवानगी आहे तिथेही दोन-तीन नमुने पुरतात. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये सुइलसला पाणी सुटतं आणि त्याच दिवशी लगदा होतो. आत अळ्या असतात, त्यामुळे ठसा घेऊन झाला की उरलेला नमुना उभ्या पातळ कापांत चिरून त्याच रात्री मंद, कोरड्या उष्णतेवर वाळवा. काप कडकडीत झाले की हवाबंद पाकिटात घाला आणि आत कागदाची चिठ्ठी ठेवा.

चिठ्ठीवर काय लिहायचं? झाड आणि एका जुडीतल्या सुयांची संख्या सगळ्यांत आधी. मग जागा, उंची, तारीख. कडं होतं का, बटणात पडदा होता का, ठिपके कुठे होते, थेंब दिसले का, छिद्रांचा आकार आणि रंग, कापल्यावर झालेला बदल, ठशाचा रंग. जे पाहिलं नाही त्यापुढे "पाहिलं नाही" असं लिहा, "नाही" असं लिहू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकणार असाल तर बाजूचा, खालचा आणि कापलेला असे तिन्ही फोटो द्या आणि चौथा पाइनच्या सुयांचा.

जातीचं नाव लगेच मिळालं नाही तर "सुइलस, कैलखाली" एवढीच नोंद करून ठेवा. हिमालयातल्या सुइलसवर अजून काम चालू आहे आणि गेल्या काही वर्षांत तिथून नव्या जाती नोंदल्या गेल्या आहेत. नीट वाळवलेला नमुना आणि पूर्ण भरलेली चिठ्ठी असेल, तर कुणी अभ्यासक पुढेही त्याचं नाव ठरवू शकेल.